आळस नव्हे, आजार

भिलाईच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये मे महिन्याची दुपार म्हणजे भट्टीच. सकाळी सगळ्यांचे डबे भरून, धुणे वाळत घालून आलेली सून तीनच्या सुमारास भिंतीचा आधार घेत दिवाणावर येऊन पडली. मुलगा पोलाद कारखान्यात दुसऱ्या पाळीला गेलेला.

"सकाळी तर ठणठणीत होतीस! दुपारीच बरे पाय गळतात?" सासूबाई पुटपुटल्या. सून काहीच बोलली नाही. रात्री नवऱ्याला मात्र म्हणाली, "मला माहेरी पोहोचवा. आजार सोसवेल, संशय सोसवत नाही."

अशी घरे थोडी नाहीत. सुनेला मल्टिपल स्क्लेरोसिस असल्याचे हिवाळ्यातच समजले होते. एकाएकी दोन-दोन दिसू लागले, एमआरआय झाला, औषधे सुरू झाली. पण डॉक्टरांनी सांगितलेले नवरा-बायकोपाशीच राहिले. सासूबाईंना कुणी समजावलेच नाही.

अखेर पुण्याच्या नणंदेने एका समुपदेशिकेशी रविवारी व्हिडिओ कॉल ठरवला. अट एकच, घरातली सगळी माणसे समोर हवीत. साखरेच्या डब्याला मोबाइल टेकवून तिघे बसले.

"विजेच्या तारेवरचं प्लास्टिक सोललं तर काय होतं?" तिने विचारले. या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंवरच्या मायलिन नावाच्या वेष्टनावर हल्ला करते. मग मेंदूचा निरोप अडखळतो. उष्णतेने तो आणखी मंदावतो, म्हणून दृष्टी अंधूक होते, पाय जड होतात. अंग थंड झाले की बहुधा पूर्ववत होते. श्रमाने दृष्टी तात्पुरती अंधूक होते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म ऊटहोफ यांनी 1890 मध्येच नोंदवले होते. नवा त्रास चोवीस तासांहून अधिक टिकला, तर मात्र डॉक्टरांना कळवायला हवे. आजार संसर्गजन्य नाही. तो मुळापासून बरा करणारे औषध अजून नाही, पण झटके कमी करणारी औषधे आहेत.

सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे ती सोंग करत नव्हती?"

"नाही, काकू."

भारतात या रुग्णांसाठी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया 1985 पासून काम करते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या आजाराचा समावेश आहे. पण कायदा स्वयंपाकघरापर्यंत पोहोचत नाही. तिथे घरच्यांचीच समज कामी येते, आणि ती आता दूरवरून फोनवरही मिळू शकते.

30 मे हा या आजाराचा जागतिक दिवस. तो नेमका नवतपात येतो. त्या दुपारी सासूबाईंनी ओला टॉवेल पिळून सुनेच्या मानेवर ठेवला, कूलरमध्ये पाणी भरले. म्हणाल्या, "उद्यापासून पोळ्या नऊच्या आत उरकू. भाजी मी चिरीन, तू बसून फोडणी सांग."

माहेरी जाण्यासाठी भरलेली बॅग सुनेने संध्याकाळी रिकामी केली.