पुढे काय होणार?

आमच्या शेवगावातले तीन तरुण सध्या एका परक्या बापाच्या काळजीत आहेत. त्या बापाचे मूल नको त्या ठिकाणी अडकून पडले आहे. आता तो तलवार उचलील की खाली ठेवील, या विचाराने या तिघांना चहा गोड लागत नाही. गंमत अशी की असा माणूस या जगात नाही, त्याचे मूलही नाही, आणि या दोघांना ज्याने जन्म दिला तो गृहस्थ २०२१ सालच्या मे महिन्यात तिकडे जपानात वारला.

तिघेही माझे जुने विद्यार्थी. मी शाळेत चित्रकला शिकवतो. शिक्षण म्हणाल तर दहावी आणि त्यावर चित्रकला शिक्षकाची पदविका. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. म्हणजे दोन्हीकडून रेघोट्या ओढण्याचाच धंदा. या तिघांपैकी एकाचे मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे, दुसरा गेली चार वर्षे स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करतो आणि तिसरा पुण्याला नोकरीला असतो, दिवाळीला घरी येतो. तो आला की टपरीवर बैठक जमते. कापसाचा भाव, जायकवाडीचे पाणी, कुणाचे लग्न जमले आणि कुणाचे मोडले, हे सगळे पाच मिनिटांत उरकून गाडी ‘बर्सर्क’वर येते.

‘बर्सर्क’ ही जपानी चित्रकथा आहे. तिकडे अशा चित्रकथांना मांगा म्हणतात. केंतारो मिउरा या चित्रकाराने ती १९८९ साली मासिकातून सुरू केली आणि मरेपर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षे, तीच एक गोष्ट तो सांगत राहिला. गोष्ट भयंकर आहे. घरातल्या लहानांच्या हाती द्यावी अशी ती मुळीच नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. नायकाचे नाव गट्स. फासावर लटकवलेल्या आईच्या प्रेताखाली, झाडाच्या बुंध्याशी तो जन्मला. मोठा होऊन भाडोत्री सैनिक झाला. ग्रिफिथ नावाचा देखणा, महत्त्वाकांक्षी सरदार त्याला भेटला, आणि त्याच्या फौजेत गट्सला आयुष्यात प्रथमच घर मिळाले. या ग्रिफिथने पुढे स्वतःच्या स्वप्नापायी सगळ्या फौजेचाच सैतानांपुढे बळी दिला. गट्स वाचला, पण एक डोळा आणि एक हात गेला, आणि त्याची प्रिया कास्का हिचे भान हरपले. तेव्हापासून मानेवर उमटलेल्या खुणेमुळे रात्र झाली की भुतेखेते त्याच्या मागे लागतात, आणि अंगाएवढी लांब तलवार घेऊन तो चालतो आहे.

आता मुलाची गोष्ट. गट्स आणि कास्का यांचे मूल जन्मण्यापूर्वीच त्या सैतानी रात्रीने बाधले. पुढे ग्रिफिथने मानवी देहात पुन्हा अवतार घेतला, तो त्या मुलाच्याच कुडीत. म्हणून पौर्णिमेच्या रात्री एक मुका मुलगा आईबापांजवळ येऊन झोपतो आणि पहाटे नाहीसा होतो. ज्याला मारण्यासाठी बाप जगतो आहे त्याच्याच देहात त्याचे मूल आहे! महाभारत ऐकत वाढलेल्या माणसाला हा पेच समजावून सांगावा लागत नाही.

आमच्या तिघांचे मतभेद इथूनच सुरू होतात. दुकानवाला म्हणतो, गट्स शेवटी तलवार टाकणार. सूड सोडणे हाच त्याचा विजय. स्पर्धापरीक्षावाला म्हणतो, मूल स्वतःच आतून ग्रिफिथला धरून ठेवील आणि बापाला वार करायला लावील. पुण्याचा म्हणतो, गट्स काही वाचत नाही. जे शापित चिलखत घालून तो लढतो ते त्याला आतून खात आहे. जिभेची चव गेली, रंग दिसेनासे झाले, केस पांढरे होत चालले. यावर दुकानवाला पानेच्या पाने पुराव्यादाखल उघडतो. एक प्रकरण तर मिउराने पुस्तकरूपात येऊच दिले नाही. ते ८३ वे. पुढचे फार उघड होते म्हणून त्याने ते काढून घेतले. आता काढून टाकलेले प्रकरण प्रमाण मानायचे की नाही? या एका प्रश्नावर मी चार कप चहा संपलेले पाहिले आहेत. आमच्या गावात वारशाच्या तंट्यातसुद्धा इतक्या बारकाईने कागद वाचत नाहीत.

मी या वादात पडलो तो चित्रांमुळे. दुकानवाल्याने एकदा एक पान दाखवले. दोन पानांवर पसरलेली लढाई, आणि त्यात शेवटच्या रांगेतल्या सैनिकाच्या ढालीवरसुद्धा रेघांवर रेघा घालून छाया भरलेली. मुलांना मी वर्षानुवर्षे सांगत आलो की मागच्या माणसांना नुसता आकार पुरे. इथे मागचे कुणी नव्हतेच. असा माणूस वेळेवर काम कसे देणार? महिनेच्या महिने प्रकरण येत नसे. गट्स आणि मंडळी एकदा जहाजात चढली ती वाचकांच्या काही वर्षांत उतरलीच नाहीत. जगभरच्या वाचकांनी त्याची थट्टा केली, आणि थट्टा करता करता वाट पाहिली.

आणि मग महाधमनी फाटून मिउरा गेला. वय ५४. हाती असलेले ३६४ वे प्रकरण त्याच्या सहकाऱ्यांनी पुरे केले आणि ते त्याच वर्षी सप्टेंबरात छापून आले. त्यात तो मुका मुलगा चांदण्यात ग्रिफिथचे रूप घेतो आणि त्या रूपाच्या डोळ्यांत पाणी असते. तिथे गोष्ट थांबली.

पण थांबली ती एक वर्षच. कोजी मोरी हा मिउराचा शाळेपासूनचा मित्र, स्वतःही चित्रकथाकार. सुमारे तीस वर्षांपूर्वी मिउराने सल्ल्यासाठी त्याला बोलावून घेतले होते. आठवडाभर दोघे बोलत बसले आणि बोलता बोलता सगळी कथा शेवटापर्यंत ठरली. म्हणजे शेवट ठाऊक असलेला जिवंत माणूस एकच. २०२२ च्या जूनमध्ये मोरीने जाहीर केले की मिउराचे सहकारी, म्हणजे स्टुडिओ गागाची मंडळी, चित्रे काढतील आणि गोष्ट मी सांगेन. मात्र मिउराने मला सांगितले तेवढेच सांगेन, पदरचे घालणार नाही. त्याप्रमाणे पुढची प्रकरणे आली. ग्रिफिथ कास्काला घेऊन गेला, गट्सची तलवार त्याला लागलीच नाही, आणि आमचा नायक मोडून बसला.

इथे तिघांत खरी फूट पडली. पुण्याचा ३६४ च्या पुढे वाचत नाही. “सर, ज्याने सांगायला घेतली तो गेला. आता शेवट जपानच्या राजाने सांगितला तरी मला नको.” दुकानवाला म्हणतो, “अरे, तीस वर्षं मित्राने तोंड बंद ठेवलं आणि आता दिलेला शब्द पाळतोय. त्याचं ऐकायचं नाही?” एका चित्रकथेवरून त्या दोघांचे बोलणे काही दिवस बंद होते.

मला या भांडणात आमचा ‘चांदोबा’ आठवला. मराठीत तो १९५२ साली आला, आणि माझ्या लहानपणी घरी अंक आला की आधी विक्रम-वेताळाचे पान निघे. शंकर यांचे ते चित्र: स्मशान, हातात तलवार, खांद्यावर प्रेत. गट्स पाहिला तेव्हा मला नवा वाटलाच नाही. मूळ संस्कृत गोष्टी पंचवीस. शेवटच्या प्रश्नाला राजाकडे उत्तर नसते, तेव्हा वेताळ प्रसन्न होऊन त्या दुष्ट योग्याचा डाव सांगतो आणि गोष्ट संपते. ‘चांदोबा’ने मात्र तो शेवट येऊच दिला नाही. दर महिन्याला नवी गोष्ट, आणि दर महिन्याला प्रेत पुन्हा झाडावर. गोष्टी सांगणारे बदलत गेले असतील, आम्हाला पत्ता नव्हता. शंकर २०२० साली वारले, मासिकही बंद पडले. राजा अजून चालतोच आहे, आणि कुणा वाचकाने तक्रार केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

याच्या अगदी उलटी गोष्ट तर आमच्या शेजारच्या पैठणची. नाथषष्ठीला दिंड्या निघतात तेव्हा ती दरवर्षी कुणी ना कुणी सांगतेच. एकनाथांनी भावार्थ रामायण लिहायला घेतले. युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंत आले, आणि १५९९ साली त्यांनी देह ठेवला. राम-रावणाचे युद्ध अर्ध्यावर! उरलेले युद्धकांड आणि उत्तरकांड गावबाने पुरे केले. हा गावबा म्हणे पुरणपोळीच्या लोभाने नाथांच्या घरी येऊन राहिलेला मुलगा. गुरुमंत्र शिकवला तर त्याच्या तोंडून ‘एकनाथ’ याखेरीज अक्षर निघेना. पंडितांनी भरलेल्या पैठणात ग्रंथ आला तो याच्या हाती.

पुण्याच्या तरुणाला मी ही गोष्ट सांगितली. तो म्हणाला, “सर, रावण मरणार हे सगळ्यांना माहीतच होतं. गावबाला काय अवघड?” त्याचे बोलणे मला सबंध आठवडा छळत राहिले. रामायणाचा शेवट ठाऊक असूनही लोकांना तो हवा होता, आणि तो नाथांच्या घरातल्याच माणसाकडून हवा होता. मोरीचे ओझे दुप्पट आहे. शेवट त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, आणि हात त्याचा नाही. माझ्यापुरते सांगायचे तर मी पुढची प्रकरणे वाचतो. त्या रेघा मिउराच्या नाहीत हे चित्रकलेच्या मास्तराला दिसते. मागच्या रांगेतला सैनिक मात्र अजून कुणीतरी जीव ओतून भरतो आहे, हेही दिसते.

घरी हे सारे सांगत होतो तेव्हा आमच्या सौभाग्यवती करंज्या मुरडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारले, “अहो, तुमची ती कादंबरी सहा वर्षं चालली आहे. तिचा शेवट कुणाला सांगून ठेवलाय का?”

नव्हता. मी म्हटले, “तुला सांगतो.” आणि सगळा सांगितला. म्हातारा मरतो, सून वाड्याला कुलूप लावते, मुलाला घेऊन गाव सोडते.

त्यांनी तीन करंज्या मुरडल्या. मग म्हणाल्या, “ती कुलूप लावणार नाही. दार नुसतं ओढून घेईल.”

मी पुष्कळ वाद घातला. कुलूप कथेला का आवश्यक आहे ते पहिल्या प्रकरणापासून समजावून दिले. त्यांनी ऐकून घेतले आणि तळणीखालचा गॅस बारीक केला. काल रात्री ते प्रकरण पुन्हा काढून बसलो. कुलूप अजून आहे. किल्ली कुठे ठेवायची ते मात्र ठरत नाही.