दुसरं गिऱ्हाईक

पुणे

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

तुझ्या सासऱ्यांच्या डब्यातल्या रुपयाचे फोटो मिळाले. एका बाजूला सहावा जॉर्ज, दुसरीकडे १९३९. हे साल दिसलं की नाणी जमवणारा कुणीही सरसावून बसतो. महायुद्ध सुरू झालं, लोक चांदी दाबून ठेवू लागले आणि १९४० साली सरकारने रुपयातली चांदी सुमारे ९२ टक्क्यांवरून निम्म्यावर आणली. जुन्या कसाचे १९३९ चे रुपये फार थोडे बाहेर पडले. १९३८ चा सहज मिळतो. १९३९ चा शोधत लोक वर्षं काढतात.

म्हणूनच लबाड माणसं १९३८ चा १९३९ करतात. इंग्रजी आठाच्या खालच्या गोलाची डावी बाजू कोरून काढली की झाला नऊ! तेव्हा आधी भिंग घे आणि तो नऊ तिरक्या उजेडात बघ. शेपटीशी चरा, खळगा, किंवा तेवढ्याच जागी वेगळी चकाकी दिसली तर तिथेच थांब. वजन ११.६६ ग्रॅमच्या आसपास हवं, झिजेमुळे किंचित कमी चालेल. खणखणतो का म्हणून फरशीवर आपटू नकोस. आणि हात जोडून सांगतो, चिंच, रांगोळी, दंतमंजन काहीही लावू नकोस. नाण्यावरचा काळपटपणा घालवलास की जाणकार पाठ फिरवतात.

‘ऑनलाइन लिलावात किती येतील?’ असं तू विचारलंस. ते दुसऱ्या गिऱ्हाइकावर आहे. ईबेसारख्या ठिकाणी बोली लावणारा आपली कमाल रक्कम गुपचूप नोंदवून ठेवतो आणि त्याच्या वतीने बोली फक्त पुढच्याला मागे टाकण्यापुरती चढते. समज, एकाची तयारी दोन लाखांची आहे आणि दुसऱ्याची साठ हजारांची. नाणं साठ हजारांच्या जरासं वर सुटेल. दुसरा आलाच नाही, तर सुरुवातीच्या किमतीला जाईल. हे काही संगणकाचं डोकं नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतले टपाल तिकिटांचे काही विक्रेते टपालाने लिलाव करत, तेव्हाही जिंकणाऱ्याकडून दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीच्या हिशेबानेच पैसे घेत. पुढे अर्थतज्ज्ञ विल्यम विकरी यांनी १९६१ साली या पद्धतीचं गणित मांडलं. आपल्यापुरतं सार एवढंच, की पहिला वेडा हुडकत येतोच. दुसऱ्याला आणावं लागतं.

हा दुसरा असतो शंकेखोर. त्याच्या शंका आधीच फेडायच्या. दोन्ही बाजू, कड, साल जवळून आणि नाणं वजनकाट्यावर, असे स्वच्छ उजेडातले फोटो काढ. कडेला जो ओरखडा मला दिसला तोही दाखव. दोष आपण होऊन सांगितला की उरलेल्यावर विश्वास बसतो. एनजीसी किंवा पीसीजीएसकडून पारख करून घे. ते नाणं सीलबंद पारदर्शक डबीत, सत्तरपैकी गुण देऊन परत करतात. खर्च होईल, वेळ जाईल, पण या सालाला त्यावाचून बोली चढत नाही. राखीव किंमत ठेव, पण अवाच्या सवा नको. ती पाहूनच दुसरा पळतो.

मुंबई-बंगळूरची नाण्यांची लिलावगृहंही आता घरबसल्या बोली घेतात. तिथे आपल्याकडून कमिशन किती, घेणाऱ्यावर वर आकार किती, हे लेखी विचार. घेणारा तो आकार मनात वजा करूनच बोली लावतो, म्हणजे तोही फिरून आपल्याच खिशातून जातो.

तिसराही एक येईल. फोटो टाकल्याबरोबर त्याचा फोन येईल. भाव न करता तो लाखांची बात करेल आणि ‘रिझर्व्ह बँकेची फी’ म्हणून आधी थोडे पैसे मागेल. अशी फी बँक घेत नाही. तिने ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना तसं बजावलंही आहे. पैसे यायचे असतील तर यूपीआयचा पिन लागत नाही, हे जावईबापूंनाही सांग. खात्यात रक्कम जमा झाल्याशिवाय नाणं हातातून सोडायचं नाही, आणि पाठवायचं ते विमा उतरवूनच.

फोटोत मागे तांब्याच्या दोन शिवराया दिसतात. शंभर वर्षांवरची नाणी १९७२ च्या कायद्याने देशाबाहेर पाठवता येत नाहीत, तेव्हा परदेशी गिऱ्हाइकाला त्या दाखवूही नकोस. १९३९ च्या रुपयाला अजून ती अडचण नाही.

आणि हे सगळं करण्याआधी दीर-नणंदेशी बोल. डबा सासऱ्यांचा आहे. आज तो जुना रुपया आहे, तोवर वाटणीचं बोलणं चहाच्या कपावर होऊन जाईल. बोली चढल्यावर तेच बोलायला वकील लागतात.

पारखीचा निकाल आला की कळव. जावईबापूंना नमस्कार.

तुझा,
बंडूमामा