टाकी न पाहिलेला काटा

जुन्या गाडीच्या डॅशबोर्डावर मानाची जागा स्पीडोमीटरची. पेट्रोलचा काटा बाजूला, अंगठ्याएवढ्या जागेत. खुणांचा पांढरा रंग पिवळट झालेला, एका टोकाला ‘ई’, दुसऱ्या टोकाला ‘एफ’, मधे अर्ध्याची रेघ, काचेच्या आतल्या अंगाला कधीकाळी धरलेल्या दमटपणाचा डाग. किल्ली फिरवली की तो जरासा हलतो, थबकतो, पुन्हा सरकतो आणि आपल्या जागी येऊन थांबतो. डॅशबोर्डावरच्या मंडळींत चालवणाऱ्याचा जीव गुंतलेला असतो तो याच्यात. वेगाचा अंदाज रस्त्यावर नजर टाकली तरी येतो. इंजिन तापलं तर वास येतो, बॉनेटमधून वाफ निघते. टाकीत किती उरलंय हे मात्र त्याच्याशिवाय सांगणारं कोणी नाही.

आणि त्याने स्वतः टाकी कधी पाहिलेलीच नसते.

टाकी मागे, हा पुढे. दोघांमध्ये एकच वायर, पायाखालच्या मॅटखालून, दाराच्या कडेकडेने, मागच्या सीटखालून गेलेली. हस्तिनापुरात बसून कुरुक्षेत्राची हकिगत ऐकणारा धृतराष्ट्र आणि ती सांगणारा संजय, असं या काट्याचं आणि टाकीतल्या यंत्राचं नातं आहे. त्यातही या संजयाला दिव्यदृष्टी नाही. तो पेट्रोलमध्ये हात बुडवून, चाचपून सांगतो. मला जुन्या गाड्यांचं वेड आहे, आणि या काट्याविषयी विशेष माया आहे. गाडीतला सगळ्यात जास्त आळ त्याच्यावर येतो आणि बहुतेक वेळा दोष त्याचा नसतो.

टाकीतल्या या यंत्राला गॅरेजमध्ये ‘टँक युनिट’ म्हणतात, कोणी नुसतं ‘फ्लोट’ म्हणतात. टाकीला स्क्रूंनी आवळलेली एक वाटोळी चकती, तिच्या आतल्या बाजूला तारेची दांडी आणि दांडीच्या टोकाला तरंगणारा फ्लोट. खूप जुन्या गाड्यांत हा फ्लोट पितळी असायचा, पोकळ, डाग देऊन जोडलेला. पेट्रोल वर आलं की फ्लोट वर, उतरलं की खाली. दांडीचं दुसरं टोक एका छोट्या डबीत शिरतं. डबीत पातळ पट्टीवर अगदी बारीक तार वेढ्यांनी गुंडाळलेली असते आणि तिच्यावरून धातूची एक जीभ घासत फिरते. जीभ टेकेल तिथपर्यंतच्या तारेतून करंट जातो. वाटेत तार जास्त आली तर विरोध जास्त आणि करंट कमी. या कमी-जास्त करंटवरच काटा हलतो. लिटर, रुपये, पुढचा पंप किती लांब आहे, यातलं काही त्याच्यापर्यंत पोचत नाही.

या विरोधाचे आकडेही घराण्यागणिक वेगळे. जनरल मोटर्सच्या कित्येक अमेरिकन गाड्यांत टाकी रिकामी असताना शून्य ओहम आणि भरलेली असताना 90. फोर्डच्या जुन्या गाड्यांत उलटं: रिकाम्या टाकीला 73 आणि भरलेल्या टाकीला 10च्या आसपास. चुकीच्या घराण्याचं युनिट बसवलं तर काटा भरलेली टाकी रिकामी सांगेल, आणि त्यात खोटं असं काहीच नसेल. म्हणून पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या जुन्या स्पेअर पार्टच्या बाजारात युनिट घ्यायला जाताना आपलं मूळ युनिट हातात असावं. नुसतं गाडीचं नाव सांगून भागत नाही.

गाडीला काटा असणं हीच मुळी उशिरा आलेली सोय. 1908 साली निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टीची टाकी पुढच्या सीटखाली होती. सीट उचलायची, झाकण काढायचं आणि लाकडी पट्टी बुडवून पाहायची. 1957च्या छोट्या फियाट 500मध्ये काटा नव्हता, पेट्रोल संपत आलं की नुसता दिवा लागायचा. फोक्सवॅगनच्या बीटलला 1961पर्यंत काट्याऐवजी रिझर्व्हची तोटी होती. आपल्याकडे ही विद्या घरोघरी होती. बजाज चेतक आचके द्यायला लागली की तोटी रिझर्व्हवर फिरवायची, आणि तेही संपलं तर स्कूटर कलती करून उरलंसुरलं पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोचवायचं. घरातल्या प्रत्येकाला रिझर्व्हला लागल्यावर आपली स्कूटर किती चालते ते पाठ असे. मोटारीच्या काट्यावर आपण टाकलेला विश्वास त्या मानाने फार मोठा आहे.

म्हणूनच तो विश्वास ढळला की माणूस तडक डॅशबोर्ड उघडायला निघतो. ती जागा सगळ्यात शेवटी उघडायची, हे मला एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या हातांकडे बघून कळलं. त्यांच्याकडे एक तरुण मुलगी आजोबांची गाडी घेऊन आली होती. गाडी नुकतीच रंगवून, डेंटिंग करून आणलेली, आणि तेव्हापासून काटा ‘ई’च्याही खाली झोपलेला.

‘‘काका, मीटर नवीनच टाकून द्या ना.’’

‘‘ताई, मीटरला काय झालंय? आधी मागं तर बघू.’’

त्यांनी विडीचं बंडल खिशातून काढून लांब टेबलावर ठेवलं. मग डिकीतली मॅट गुंडाळली. खाली चकती दिसली, तिच्यावर धूळ आणि तेलाचा थर, आणि मधोमध एक वायर. ‘‘किल्ली ऑन करा, इंजिन नको. काट्यावर नजर ठेवा.’’ वायर त्यांनी उपसली आणि तिचं उघडं टोक डिकीच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन बॉडीच्या स्वच्छ बोल्टला क्षणभर टेकवलं.

‘‘वर आला?’’

‘‘आला, काका! पार एफपर्यंत!’’

‘‘मग मीटर चांगलं, वायर चांगली.’’

एवढ्या एका टेकवण्यात अर्ध्या गाडीची चौकशी संपली होती. वायर सुटी असताना काटा एका टोकाला आणि बॉडीला टेकवल्यावर दुसऱ्या टोकाला गेला, तर पुढची सगळी मंडळी निर्दोष. कुठल्या गाडीत टेकवल्यावर तो वर जातो, कुठल्या गाडीत खाली, ते आधी म्हटलं तसं घराण्यावर अवलंबून. जायला हवा तो टोकापासून टोकापर्यंत. आणि टेकवायचं ते क्षणभरच. काही जुन्या मीटरमधून पूर्ण करंट फार वेळ गेला तर आतली तार जळते.

नंतर काकांनी फुटभर वायर घेतली. एक टोक चकतीच्या स्क्रूखाली दाबलं, दुसरं बॉडीच्या एका बोल्टखाली, आणि तो बोल्ट त्याआधी काचपेपरने घासून चकचकीत केला. मूळ वायर जागेवर लावली. काटा सावकाश उठला आणि अर्ध्याच्या थोडा वर जाऊन थांबला. ‘‘रंगाऱ्यानं टाकी काढून रंगवली असणार. रंगावर टाकी बसवली, अर्थ गेला.’’

अर्थ हा जुन्या गाड्यांतला सगळ्यात दुर्लक्षित गडी. युनिटमधून गेलेला करंट टाकीच्या पत्र्यातून बॉडीत आणि बॉडीतून बॅटरीकडे परतायला हवा. टाकी पट्ट्यांनी आवळलेली असते, पट्ट्यांखाली रबर किंवा जाड कापडाचं पॅकिंग असतं, वर गंज, त्यावर रंग. परतीची वाट बंद झाली की युनिट कितीही खरं सांगो, त्याचं बोलणं पुढे पोचत नाही. वाट अर्धवट बंद असेल तर आणखी वाईट: काटा काहीतरी दाखवतो, पण नेहमी चुकीचं, आणि माणूस त्यावर भरवसा ठेवून घाट चढायला निघतो. माझं स्पष्ट मत आहे की वीस वर्षांपुढच्या प्रत्येक गाडीला काटा बिघडायची वाट न बघता ही फुटभर वायर जोडून घ्यावी.

अर्थ ठीक असूनही काटा नीट बोलत नसेल तर युनिट बाहेर काढावं लागतं. हे काम मोकळ्या हवेत, बॅटरीची वायर काढून, टाकीत शक्य तितकं कमी पेट्रोल ठेवून करायचं. पेट्रोलची वाफ दिसत नाही आणि जमिनीलगत पसरते; इथे धिटाई दाखवू नये. पितळी फ्लोट कानाशी धरून हलवावा. आत पेट्रोल डचमळलं तर डागाच्या जोडाला बारीक भोक पडलेलं असतं, फ्लोट भरून बुडालेला असतो आणि टाकी काठोकाठ भरली तरी तो तळाशीच पडून राहतो. डबीचा दोष वेगळा ओळखू येतो: काटा एका ठराविक जागी येऊन दचकतो, पडतो आणि तेवढा टप्पा ओलांडला की पुन्हा शहाण्यासारखा वागतो. तिथे जिभेखालची तार झिजलेली किंवा तुटलेली असते. ओहममीटर लावून दांडी अगदी हळू वरपासून खालपर्यंत फिरवली की नेमकी ती जागा सापडते. यासाठी आकड्यांच्या मीटरपेक्षा काट्याचं जुनं मीटर जास्त उपयोगी, कारण क्षणभराची उडीही त्यावर दिसते.

ही झीज मालकाची सवय सांगते. दर वेळी थोडं-थोडं पेट्रोल टाकणाऱ्याच्या गाडीत दांडी आयुष्यभर खालच्या चतकोरातच फिरते आणि तार तिथेच घासली जाते. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सींची गोष्ट आणखी पुढची. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या या गाड्यांनी मुंबईला दशकानुदशकं वाहिलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर 2023 मध्ये या टॅक्सींचा काळ सरला. त्यातल्या बहुतेक अखेरच्या काळात सीएनजीवर धावत होत्या. पेट्रोल फक्त नावापुरतं, काट्याला हलायला कारणच उरलेलं नाही. एकाच जागी टेकून राहिलेल्या जिभेखाली हिरवट थर धरतो. अशी गाडी कोणी हौसेने जपायला घेतली, तर युनिट फेकण्याआधी ते साफ करून दांडी बराच वेळ हलक्या हाताने फिरवून पाहावी. कितीतरी वेळा एवढ्यानेच काम होतं.

शेजाऱ्यामुळे काट्यावर येणारा आळ ओळखायला मात्र अनुभव लागतो. काही जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत पेट्रोलचा आणि तापमानाचा काटा एकाच स्टॅबिलायझरवर चालतात. हा चिमुकला डबा बॅटरीच्या कमी-जास्त होणाऱ्या व्होल्टेजमधून सरासरी 10 व्होल्ट पुढे देतो. तो गेला किंवा त्याचा अर्थ सुटला की दोन्ही काटे एकदम चढतात. इंजिन उगाच तापल्यासारखं आणि टाकी उगाच भरल्यासारखी. म्हणून पेट्रोलचा काटा बिघडला की आधी शेजारचा काटा बघावा. दोघं मिळून चुकत असतील तर टाकीकडे जायचं कारण नाही.

स्वभावही सगळ्या काट्यांचे सारखे नसतात. स्टॅबिलायझरवर चालणाऱ्या काट्याच्या आत दोन धातूंची पट्टी असते. करंटने ती तापते, वाकते आणि काटा ढकलते. तापायला वेळ लागतो, म्हणून तो सावकाश उठतो आणि खड्ड्यांनी विचलित होत नाही. दुसऱ्या जातीत दोन गुंडाळ्यांच्या चुंबकांची ओढाताण असते. तो चटकन उठतो, पण वळणावळणाला डोलतो. बोरघाट चढताना टाकीतलं पेट्रोल मागे सरकतं, फ्लोट त्याच्याबरोबर, आणि काटा वेगळंच सांगायला लागतो. खंडाळ्याला रस्ता सपाट झाला की पुन्हा मूळ जागी येतो. घाटातल्या काट्यावरून कोणी त्याला दोषी ठरवू नये.

तसंच त्याचं अर्धं. ‘एफ’पासून अर्ध्यापर्यंत गाडी भरपूर चालते आणि अर्ध्याखाली काटा धावत सुटतो, ही तक्रार जवळपास प्रत्येक जुन्या गाडीची आहे. टाकी सरळ चौकोनी डबा नसते. ती चाकाला, स्प्रिंगला, डिकीच्या पत्र्याला जागा देत वाकडी-तिकडी घडवलेली असते. फ्लोट मोजतो ती पातळी, पेट्रोल किती आहे ते नव्हे. शिवाय टाकी काठोकाठ भरल्यावर फ्लोट वर टेकून राहतो आणि पातळी थोडी उतरेपर्यंत हलतच नाही. हा दोष दुरुस्त होत नाही, कारण तो दोषच नाही. दांडी किंचित वाकवून ‘ई’ची जागा पुढे-मागे करता येते आणि ती नेहमी सावध बाजूला ठेवावी, म्हणजे काटा तळाला टेकल्यावरही चार-पाच लिटर शिल्लक असावं. बाकीचं शिकून घ्यायचं.

शिकायला एक निवांत सकाळ पुरते. टाकी तळाला आली असताना पंपावर पाच लिटर भरायचं, गाडी बाजूला सपाट जागी घ्यायची, किल्ली ऑन करून काटा स्थिर होईपर्यंत थांबायचं आणि तो कुठे आला ते कागदावर टिपायचं. मग पुन्हा पाच लिटर, पुन्हा नोंद, टाकी भरेपर्यंत. तो कागद डॅशबोर्डाच्या खणात आरसी आणि विम्याच्या कागदांबरोबर ठेवावा, युनिट बदललं की नवा करावा, आणि कधी गाडी विकायची वेळ आली तर बाकीच्या कागदांबरोबर तोही नव्या मालकाच्या हातात द्यावा.