आमच्या चित्रातले नारळाचे झाड
(बी. ए. द्वितीय वर्ष)

आमच्या धारूरला नारळ दिसतो तो देवळात, तोही सोललेला. डोंगर म्हणाल तर बालाघाटाचे, माथ्यावर सपाट. झाडे सीताफळाची, नाहीतर बोरी-बाभळीची. किल्ला तर गावाला लागूनच. पण इथल्या शाळेतल्या पोराला 'निसर्गचित्र काढ' म्हणा. तो दोन टोकदार डोंगर काढील, मधून अर्धा सूर्य, खाली नदी आणि काठावर नारळाचे झाड! मीही चौथीपर्यंत तेच काढले. गुरुजी फळ्यावर काढीत, आम्ही वहीत उतरवीत असू.

हायस्कूलला निदान चित्रकलेचे सर असतात, एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षा असतात. प्राथमिक शाळेत गणितापासून कवायतीपर्यंत सारे एकाच्याच गळ्यात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने कलेसाठी अंशकालीन निदेशक दिला, पण तो सहावी ते आठवीला, आणि तिथेही पट शंभराच्या वर असेल तर. मग वाडी-तांड्यावरच्या दोनशिक्षकी शाळेने काय करावे?

माझा धाकटा भाऊ तिसरीत आहे. मागच्या हंगामात तोही आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला गेला होता. परत आल्यावर त्याने वहीत पाचटाची कोपी काढली, पुढे तीन दगडांची चूल, गाडीखाली निजलेले कुत्रे. बैल पानात मावेना, म्हणून त्याचे तोंड पाठच्या पानावर काढले! शेरा मिळाला, 'फळ्यावरचे काढ.' मला राग आला. त्याच्या गुरुजींना विचारले, तर ते सरळच म्हणाले, "पोरी, मलाच धड रेघ ओढता येत नाही. यातलं चांगलं काय, वाईट काय, कोणत्या तोंडानं सांगू? फळ्यावरच्यासारखं आलं की मार्क तरी देता येतात."

त्या उत्तराने माझा राग निवला आणि काळजी वाढली. अशा गुरुजींना प्रशिक्षणात आणखी दहा नमुने दिले, तर फळ्यावर दहा नारळ येतील, एवढेच. त्यांना किल्ल्याच्या भिंतीखाली बसवावे, हातात कोळसा, गेरू द्यावा आणि दोन दिवस स्वतः चित्रे काढू द्यावीत, खोडरबराशिवाय. रेघ वाकडी येईल, येऊ द्या! लाज मोडली पाहिजे. मग पोराजवळ बसून 'हे काय काढलंस?' एवढे विचारायला आणि ऐकायला शिकवावे. १९४५ पासून बोर्डीला व पुढे कोसबाडला ताराबाई मोडकांबरोबर बालवाड्या चालविणाऱ्या अनुताई वाघ काही चित्रकलेच्या शिक्षिका नव्हत्या. बिया, पाने, शंखशिंपले, जे भोवती असेल तेच त्यांचे साहित्य. आणि इतके लांब तरी कशाला? माझी आई नागपंचमीला भिंतीवर नाग काढते. तिला कुणी परीक्षा विचारली नाही.

परवा गुरुजींनी भावाची वही मागून नेली होती. शेरा अजून तसाच आहे. पण बैलाचे तोंड कुठे गेले ते त्यांनी पान उलटून पाहिले, असे भाऊ सांगतो.