पांढराच ससा का?

आपल्या बीदर-गुलबर्ग्याच्या (आता कलबुर्गी म्हणावयाचे) तुरीच्या शेतांतून आडवा पळतो तो रानससा. औषधांच्या प्रयोगशाळेत त्याला थारा नाही. पाळीव सशाचे कूळच निराळे. बीदरला पशुवैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या माझ्या भाचीला औषधकारखान्याच्या प्राणिगृहात नोकरी चालून आली, तेव्हा आमच्या घरी या विषयावर बरेच बोलणे झाले. आईचा विरोध उघड होता.

प्रयोगासाठी बहुधा निवडतात ती जात म्हणजे ‘न्यूझीलंड व्हाइट’. नाव न्यूझीलंडचे, पैदास मात्र अमेरिकेतली! ही जात स्वभावाने शांत आणि कानाची शीर ठळक. सलाईनमध्ये ताप आणणारे जंतुजन्य द्रव्य उरले आहे काय, हे पाहण्यासाठी त्या शिरेत ते टोचून तीन तास ताप मोजतात. आपल्या घरातील आजाऱ्याच्या हाताला सलाईन लागते, त्यामागे कित्येक वर्षे हा मुका साक्षीदार उभा होता.

जातीची निवड हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे. धोतरा आपल्या बांधाबांधावर आहे. काही सशांच्या रक्तात त्यातील विष फोडणारे द्रव्य जन्मतः असते, काहींच्या नसते, आणि हा गुण आनुवंशिक आहे. पहिल्या प्रकारचा ससा घेऊन त्या विषाची परीक्षा केली, तर माणसाला घातक मात्राही निर्धोक ठरावयाची! थॅलिडोमाइडची कथा याहून दारुण. १९५७ साली जर्मनीत विक्रीस आलेले हे औषध उंदरांना मोठ्या मात्रेतही मारक ठरले नव्हते. १९६१ अखेर ते मागे घेईपर्यंत हजारो बालके हातापायांची व्यंगे घेऊन जन्मली. पुढे १९६२ मध्ये न्यूझीलंड व्हाइट सशांच्या पिलांत तशीच व्यंगे आढळली. गर्भावरील परिणामांच्या परीक्षेत उंदरांच्या जोडीला ससा आला तो या अनुभवातून.

युरोपच्या औषधसंहितेने सशावरील तापाची परीक्षा वगळण्याचे २०२४ साली ठरविले. तिची जागा मानवी रक्तपेशींवरील परीक्षा घेत आहे. मला हे फार पूर्वी व्हावयास हवे होते असे वाटते. गर्भाच्या परीक्षेला मात्र असा पुरता पर्याय अद्याप नाही, म्हणून भाचीने नोकरी घ्यावी असेच मी म्हटले. जीव लावणारे माणूस तेथेच अधिक हवे.

आईने तिला एवढेच विचारले, “काम झाल्यावर त्या सशांचे काय होते गं?”

“तापाच्या परीक्षेतल्यांना विश्रांती देऊन पुन्हा घेता येते, आजी. गाभण सशिणींना नाही.”

आई काही बोलली नाही.