डावी लेन

नवी गाडी घेतली की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, ॲव्हरेज किती देते? जर्मनीत राहणाऱ्या माणसाला मात्र वेगळा प्रश्न विचारतात. "टॉप किती मारलास?" ऑटोबानवर वेगमर्यादा नसते, ही एवढी एक गोष्ट जर्मनीबद्दल सगळ्यांना माहीत असते. कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी गाडीचा फोटो टाकला, तर पहिले चार मेसेज हेच. त्यानंतर दीड महिना मी "एकशे साठ" असं उत्तर देत होते, आणि दर वेळी समोरून एक निराश इमोजी येत होता.

गाडी म्हणजे बीएमडब्ल्यूची छोटी कूपे, एम२४०आय. दोन दारं, पुढे लांब नाक, मागे बसणाऱ्याने गुडघे छातीशी घ्यायचे. सहा सिलिंडरचं तीन लिटरचं इंजिन, ३७४ हॉर्सपॉवर. रंगाचं कंपनीतलं नाव थंडरनाइट. आईने व्हिडिओ कॉलवर बघून लगेच सांगितलं, "वांगी कलर आहे." तेव्हापासून तिचं नाव वांगी.

शोरूममधून घेण्याऐवजी मी ती म्युनिकला जाऊन आणली. तिथे बीएमडब्ल्यूच्या मुख्यालयासमोर, ऑलिम्पिक पार्कच्या शेजारी, २००७ साली उघडलेली बीएमडब्ल्यू वेल्ट नावाची इमारत आहे. काच आणि पोलादाचा एक मोठा भोवरा पीळ घालून वर नेलेला, आणि त्यावर ढगासारखं छत. लोक इथे फक्त गाडी ताब्यात घ्यायला येतात. २०२० पर्यंत अमेरिकेतूनही यायचे, गाडी घेऊन युरोपभर हिंडायचे आणि मग ती जहाजाने घरी पाठवायचे. गाड्या जमिनीखालच्या कोठारात थांबतात आणि आपली वेळ झाली की लिफ्टने वर येतात. आपण जिना उतरतो तेव्हा खाली आपली गाडी फिरत्या चकतीवर दिव्यांखाली उभी असते. मुंजीत मुलाला सजवून आणतात तसा सगळा थाट.

मजेची गोष्ट म्हणजे ही गाडी म्युनिकची नाहीच. या मॉडेलच्या गाड्या मेक्सिकोत, सान लुईस पोतोसीच्या कारखान्यात बनतात. अटलांटिक ओलांडून आलेली गाडी मी, अरबी समुद्राकाठून आलेली बाई, बव्हेरियात ताब्यात घेत होते. दोघींच्या कागदपत्रांवर आता जर्मनीचे शिक्के. मी एर्लांगनच्या नोंदणी कार्यालयातून आणलेल्या 'ईआर'च्या नंबरप्लेट तिथल्या माणसाने पुढे-मागे दाबून बसवल्या, आणि त्याने मला चावीबरोबर एक सूचना दिली. पहिले २,००० किलोमीटर इंजिन ४,५०० फेऱ्यांच्या वर न्यायचं नाही, वेग १६० च्या वर नाही. नवे टायर पहिले काहीशे किलोमीटर पूर्ण पकड घेत नाहीत. ब्रेकही रुळायला वेळ लागतो. अडीचशेला इलेक्ट्रॉनिक लगाम लावलेली गाडी, आणि सुरुवात अशी.

तिथूनच मी मामाला फोन लावला. माझा मामा एसटीत ड्रायव्हर होता. सत्तावीस वर्षं कोकणातले घाट, एकही अपघात नाही, त्याबद्दल मिळालेला बिल्ला अजून देवाजवळ ठेवलेला. त्याने फोन डाव्या हातात धरून गाडी नीट पाहिली. इंजिनबद्दल काही विचारलं नाही.

"ब्रेक कसे आहेत गं?"

"मामा, एवढी भारी गाडी आहे, ब्रेक चांगलेच असणार."

"असणार नाही. रिकामा रस्ता बघून एकदा दाबून बघ. पळते कशी ते कोणीपण सांगेल. थांबते कुठे, ते आपल्याला माहीत पाहिजे."

म्युनिकहून ए-९ ने उत्तरेला निघालं की डावीकडे आलियान्झ अरेना मागे पडतं, मग हॉलेडाऊचा प्रदेश लागतो. जगात हॉप्सचं सगळ्यात मोठं क्षेत्र हेच. एप्रिलमध्ये तिथे नुसते उंच खांब आणि तारा दिसतात, आपल्याकडच्या द्राक्षबागा कोणीतरी ओढून तिप्पट उंच केल्यासारख्या. या रस्त्यावर अनेक ठिकाणी विजेच्या पाट्या आहेत. गर्दी पाहून त्या १२०, १०० असे आकडे दाखवतात. मग कधीतरी पांढऱ्या गोलात तिरक्या काळ्या रेषा असलेली पाटी येते. अर्थ असा की, इथून पुढे बंधन नाही.

ती पाटी गेली आणि माझ्या आजूबाजूला सगळं हललं. १३० ने जाणाऱ्या गाड्या १६०, १८० झाल्या. मी १५० ला मधल्या लेनमध्ये. आरशात एक ठिपका दिसला. समोर बघून पुन्हा आरशात पाहिलं तर त्या ठिपक्याला दिवे होते, आणि तिसऱ्यांदा पाहीपर्यंत एक करडी स्टेशन वॅगन डावीकडून निघून गेली होती. मागच्या काचेत लहान मुलाची सीट आणि वर सायकली. माझी स्पोर्ट्स कार वाऱ्याच्या त्या झोताने किंचित हलली.

इथे गाडी चालवणं म्हणजे मुख्यतः आरसा पाहणं, हे मला लायसन्स काढताना शिकवलं होतं. भारतीय लायसन्स जर्मनीत राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतं. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा नव्याने द्याव्या लागतात. पुण्यात दहा वर्षं गाडी चालवलेल्या मला माझे शिक्षक दर लेन बदलताना एकच शब्द ऐकवायचे, 'खांदा'. आरसा बघ, इंडिकेटर दे, मग मान वळवून खांद्यावरून बघ. आरशात न दिसणारा माणूस तिथे असतो. ओव्हरटेक फक्त डावीकडून. ओव्हरटेक झालं की परत उजवीकडे. डावी लेन कोणाच्या मालकीची नाही, ती काही सेकंदांसाठी मागून घ्यायची.

आणि एक सूत्र. वेगाला दहाने भागा आणि तीनने गुणा, एवढे मीटर गाडी तुम्ही ब्रेक दाबायच्या आधीच जाते. वेगाला दहाने भागून त्याचा वर्ग करा, एवढे मीटर ब्रेक दाबल्यावर जाते. शंभराला ३० आणि १००, म्हणजे १३० मीटर. दोनशेला ६० आणि ४००, म्हणजे ४६० मीटर. जीव खाऊन ब्रेक दाबलात तर दुसरा आकडा अर्धा होतो. वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर दुपटीवर राहत नाही, साडेतीन पट होतं. मामा एसटीच्या सीटवर बसून जे सांगत होता ते हेच, फक्त वर्ग न करता.

ऑटोबान हिटलरने बांधले असं आपल्याकडे सर्रास सांगतात. कोलोन ते बॉन हा रस्ता ६ ऑगस्ट १९३२ रोजी सुरू झाला, नाझी सत्तेवर यायच्या आधी. उद्घाटन केलं कोलोनचे तेव्हाचे महापौर कोनराड आडेनाउअर यांनी, जे युद्धानंतर पश्चिम जर्मनीचे पहिले चान्सेलर झाले. नाझींनी मात्र या रस्त्यांचा तमाशा केला. २८ जानेवारी १९३८ च्या सकाळी फ्रँकफर्ट-डार्मश्टाट रस्त्यावर रुडॉल्फ काराचिओलाने मर्सिडीजमधून ताशी ४३२ किलोमीटरचा विक्रम केला. तो मोडायला त्याच दिवशी बेर्न्ड रोजेमायर ऑटो युनियनची गाडी घेऊन निघाला. बाजूच्या वाऱ्याने गाडी उडाली. तो २८ वर्षांचा होता.

नंतरचा इतिहास जास्त घरगुती आहे. १९७३ च्या तेलसंकटात सरकारने काही महिने ऑटोबानवर शंभरची मर्यादा लावली. त्यावर देश इतका चिडला की वाहनचालकांच्या संघटनेने १९७४ मध्ये 'मुक्त नागरिकांना मुक्त रस्ता' अशी मोहीम काढली. १९७८ पासून १३० हा शिफारस केलेला वेग आहे. त्याहून जोरात गेलात तर दंड नाही. पण १९९२ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने एक गोष्ट स्पष्ट केली. १३० च्या वर असताना अपघात झाला, तर चूक समोरच्याची असली तरी नुकसानीतला काही वाटा तुमच्याकडे येऊ शकतो. कमी वेगातही हे असंच घडलं असतं, हे तुम्ही सिद्ध करायचं. कायदा तुम्हाला अडवत नाही, नंतर हिशेब मात्र मागतो.

मी दोन हजार किलोमीटर मोजून पूर्ण केले. मग जूनमधल्या एका रविवारी पहाटे पाचला उठले. रविवारी जड ट्रकना बंदी असते, त्यामुळे उजवी लेन मोकळी. न्यूर्नबर्ग मागे टाकून ए-९ ने दक्षिणेला, हिल्पोल्टस्टाइनच्या पुढे, तीन कोरड्या सरळ लेन. १६०, १८०, २००. इथपर्यंत गाडी गाणं म्हणत होती. २०० च्या पुढे इंजिन ऐकूच येईना, फक्त वारा. स्टिअरिंगवरचे हात आपोआप घट्ट होतात. कडेची झाडं नाहीशी होतात, दिसतो फक्त लांबवरचा एक छोटा चौकोन, आणि त्या चौकोनात काय चाललंय याच्याशिवाय जगात काही उरत नाही. २३३.

मग त्या चौकोनात मधल्या लेनमध्ये एक लाल गाडी दिसली. ती साधारण १२० ने जात असणार, पण मला ती रस्त्यावर पार्क केल्यासारखी वाटली. तिचा डावा इंडिकेटर लागला. मी पाय काढला, ब्रेक दाबला, पट्ट्याने खांदा धरला. वांगी नाक खाली करून सरळ रेषेत मंदावली. लाल गाडी डावीकडे आलीच नाही. तिच्या चालकाने आरशात पाहिलं, बहुधा खांद्यावरूनही पाहिलं, आणि इंडिकेटर बंद केला. मी शेजारून गेले तेव्हा दिसलं, आजोबा होते, सत्तरीचे तरी. त्यांनी एक बोट वर केलं. रागाने नाही, 'पाहिलंय' असं सांगायला.

२३३ हा आकडा माझा आहे असं मला तेव्हापासून म्हणवत नाही. त्यातला मोठा भाग त्या आजोबांचा. त्यांनी मान वळवली म्हणून तो आकडा ग्रुपवर टाकता आला. हिशेबच करायचा तर, वीस किलोमीटर २०० ने गेलं तर सहा मिनिटं लागतात, १३० ने सव्वानऊ. वाचली ती सव्वातीन मिनिटं.

इथले सगळे संत नाहीत. आरशात येऊन चिकटणारे, दिवे मारून मारून जीव नकोसा करणारे इथेही आहेत. पण २०२२ साली जर्मनीतल्या सगळ्या रस्त्यांवर २,७८८ माणसं मेली, भारतात १ लाख ६८ हजारांवर. आपली लोकसंख्या त्यांच्या सतरा पट धरली तरी मृत्यू साठ पट. आणि वेगावर बंधन त्यांच्याकडे कमी आहे.

यातलं सगळंच चांगल्या रस्त्यांमुळे आणि चांगल्या गाड्यांमुळे, असं मी बरेच दिवस म्हणायचे. जुलैतल्या एका शुक्रवारी संध्याकाळी ए-९ वर अलर्सबर्गच्या आसपास सगळे दिवे एकदम लाल झाले. पुढे अपघात. गाड्या अजून पूर्ण थांबल्याही नव्हत्या, तोवर सगळ्यात डावी रांग डाव्या कठड्याला चिकटली आणि बाकीच्या दोन उजवीकडे सरकल्या. मीही सरकले. मधोमध एक सरळ गल्ली तयार झाली, नजर जाईल तिथपर्यंत. याला इथे 'रेटुंग्सगासे' म्हणतात, बचावाची गल्ली. न केल्यास किमान २०० युरो दंड आणि महिनाभर लायसन्स जप्त. चार-पाच मिनिटांनी त्यातून ॲम्ब्युलन्स गेली. शंभरच्या जवळपास असेल. त्या संध्याकाळी त्या रस्त्यावर सगळ्यात वेगवान तीच होती.

मामाला पॅरालिसिसचा झटका आला तो गणपतीच्या आदल्या दिवशी, माणगावजवळच्या घरी. रक्ताची गाठ विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे आम्हाला नंतर कळलं. मुंबई-गोवा रस्त्याचं काम चालू, समोरून कोकणात निघालेल्या गाड्यांनी दोन्ही बाजू भरलेल्या. पनवेलला पोहोचायला सहा तास लागले. वडखळच्या अलीकडे ॲम्ब्युलन्स तासभर जागची हलली नाही. मामी सांगते, लोक वाईट नव्हते. चार मुलांनी उतरून रस्ता करायचा प्रयत्नही केला. पण सरकायला कोणाकडे जागाच नव्हती, आणि ॲम्ब्युलन्स दोन हात पुढे सरकली की तिच्या मागच्या फटीत मोटारसायकली आणि गाड्या शिरत होत्या. मामा शुद्धीवर होता. तो आडवा पडून ड्रायव्हरला सांगत होता, "हॉर्न नको वाजवू, त्यांना पण दिसतंय." त्याचा उजवा हात परत आला नाही. म्हणून तो फोन डाव्या हातात धरतो.

ॲम्ब्युलन्स गेल्यावर मी पहिल्या गिअरमधल्या सवयीने गाडी मधोमध घ्यायला निघाले नाही, कारण माझ्या पुढचा कोणी हलला नव्हता. गल्ली तशीच उघडी होती. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हे शिकवतात: पहिली गाडी गेली म्हणून जागा मिटवायची नाही, मागून दुसरी येत असेल. अडीच मिनिटांनी अग्निशमन दलाचा ट्रक आला. मग डॉक्टरची छोटी गाडी. मग पोलीस. तीनशे-चारशे माणसं, घरी जायची घाई असलेली, शुक्रवारची, उन्हात इंजिन बंद करून बसली होती आणि त्यांच्यामध्ये एका गाडीच्या रुंदीचा रस्ता रिकामा होता.

माझ्या डाव्या हाताला एक ट्रॅव्हलरभर शाळकरी मुलं होती. त्यातल्या एकाने वांगीकडे बोट दाखवून खिडकीतून विचारलं, किती पळते? मी सांगितलं, अडीचशे. तो खूश झाला. पाऊण तास आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे होतो.