डबीतलं देणं

तिसऱ्या श्रावणी सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी ज्यांनी अनवाणी केली आहे, त्यांना पहिनेच्या पुढचा रस्ता वर्णन करून सांगावा लागत नाही. कुशावर्तावर स्नान करून रात्री निघालेली माणसं पेगलवाडी, पहिने मागे टाकतात तोवर तळवे पावसाने मऊ पडलेले असतात. खडी टोचायला लागते, टाचेवर आणि अंगठ्याखाली फोड उठतात. शाळेत असताना मी ही फेरी पहिल्यांदा केली ती आमच्या वाड्यातल्या काकांबरोबर. वाटेत कुणी लंगडताना दिसलं की काका कडेला उकिडवे बसत, त्या माणसाचा चिखलाने माखलेला पाय सरळ स्वतःच्या मांडीवर घेत, आणि कोपरीच्या खिशातून एक चपटी पत्र्याची डबी काढत. मी बॅटरी धरायची. आधी पाण्याने पाय धुवायचा, मग धोतराच्या सोग्याने टिपायचा, मग फोडावर गॉजची घडी ठेवून चिकटपट्टी लावायची. फोड ते फोडत नसत. ‘वरची कातडी हीच त्याची पट्टी आहे, ती कशाला काढायची?’ एवढंच म्हणत. बरं वाटलं का, हे विचारून पुढे चालू लागत. नाव विचारायची पद्धत नव्हती, त्यांनीही नाही आणि समोरच्यानेही नाही.

काका पंचवटीतल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. ज्या काळात औषध बाटलीतून मिळायचं, तो काळ. लाकडी खिडकीआड उभं राहून ते मिक्स्चर तयार करत, आणि बाटलीच्या अंगाला कातरीने खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवत. एक खाच म्हणजे एक डोस. अक्षरओळख नसलेली बाईही त्या खाचा पाहून औषध बरोबर घ्यायची. त्या पट्ट्या ते दुपारी फावल्या वेळात कापून ठेवत. एकही खाच वाकडी गेलेली मी पाहिली नाही. डॉक्टरांचा गुण पंचवटीत सगळ्यांना ठाऊक होता. काकांच्या हाताचा गुण आम्हा वाड्यातल्या मुलांना जास्त ठाऊक होता. झाडावरून पडलेलं, गोदावरीच्या घाटावर शेवाळावरून घसरलेलं प्रत्येक पोर आधी त्यांच्या ओट्यावर जायचं.

कॉलेजात गेल्यावर मला डोंगरांचं वेड लागलं. नाशिकला ते लागणं अवघड नाही. शहरातून निघून दुपारच्या आत रामशेजवर पोचता येतं, अंजनेरी आणि ब्रह्मगिरी डोळ्यांसमोर असतात, आणि थोडं पुढे गेलं की 1567 मीटरचा साल्हेर आहे. मुलींनी गडांवर जाणं तेव्हा घरोघरी सहज पटत नव्हतं. आमच्या घरी परवानगी मिळाली ती काकांमुळे. ते वडिलांना म्हणाले, ‘जाऊ दे तिला. मी तिला डबी बांधून देतो.’

डबी त्यांनी भरून दिली नाही. एका रात्री दवाखाना बंद झाल्यावर मला बोलावलं, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि सगळं सामान त्यावर मांडलं. प्रत्येक वस्तू उचलायची आणि विचारायचं, ‘हे कशाला?’ उत्तर आलं तरच ती डबीत जायची. मग दुसरा प्रश्न: ‘आणि हे हरवलं तर?’ त्याचंही उत्तर द्यावं लागे. गॉज संपलं तर स्वच्छ रुमाल. चिकटपट्टी भिजली तर फाडलेल्या कापडाची गाठ. पट्टी बांधली की बोटाचं नख दाबून सोडायचं आणि त्यात रंग पटकन परततो का ते बघायचं, हे त्यांनी माझ्याच हातावर घट्ट पट्टी बांधून दाखवलं. बोटं गार पडत जातात आणि मुंग्या येतात, ते अजून आठवतं. वाहत्या जखमेवर घडी दाबून धरली की घड्याळात दहा मिनिटं होईपर्यंत ती उचलून बघायची नाही. माणसाला रक्त थांबलं का हे बघायची घाई होते, आणि त्या बघण्यानेच ते पुन्हा सुरू होतं.

त्याहून मोठी शिकवण डबीत काय नको याची होती. माझ्या यादीत कापूस होता. त्यांनी तो बाजूला काढला. त्याचे तंतू उघड्या जखमेला चिकटतात आणि मागे राहतात. टिंक्चरची बाटली होती, तीही गेली. झोंबतं म्हणजे औषध लागू पडतंय हा आपला समज, पण माती भरलेल्या जखमेला आधी भरपूर स्वच्छ पाणी लागतं. कुणीतरी मला सांगितलं होतं म्हणून मी ब्लेड आणि सुतळी आणली होती, साप चावला तर कापायला आणि आवळायला. इंग्रजांच्या काळात लॉडर ब्रंटन यांच्या नावाची एक लहानशी सुरी मिळायची, तिच्या दुसऱ्या टोकाला पोटॅशियम परमॅंगनेटचे खडे असत. दंशावर चीर द्यायची आणि खडे चोळायचे. त्या उपायाने माणसं वाचली नाहीत, पण तो लोकांच्या डोक्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिला. काकांनी ब्लेड कागदात गुंडाळून टाकून दिलं. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचं नाही, आणि उचलून सरकारी दवाखाना गाठायचा. आपल्याकडच्या नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्या विषावर एकच लस चालते, त्यामुळे कोणता साप होता हे शोधत बसण्यात किंवा त्याला मारत बसण्यात वेळ घालवायचा नाही. ही लस हाफकिनमध्ये तयार होते हे त्यांनी मला अभिमानाने सांगितलं होतं.

डबी मिटताना त्यांनी तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक घडी ठेवली. ती कशाला, असं मात्र त्यांनी विचारलं नाही. घरी येऊन उघडली तेव्हा कळलं की ती माझ्या महिन्याच्या अडचणीसाठी होती. ज्या काळात औषधाच्या दुकानात ही वस्तू मागताना बायकांचा आवाज खाली जायचा, त्या काळात एका प्रौढ पुरुषाने दुसऱ्याच्या मुलीसाठी इतक्या साधेपणाने ती काळजी घेतली होती. पुढे ज्या ज्या मुलींना मी डबी बांधून दिली, त्यांच्या डबीत पहिली ती घडी गेली.

डबीतली सगळ्यात मोठी वस्तू होती त्रिकोणी पट्टी. धुऊन धुऊन मऊ झालेल्या काकांच्याच धोतराची, इस्त्री करून पानाएवढी घडी घातलेली. आणि सगळ्यात छोटी, लाल लाइफबॉयचा नखाएवढा तुकडा. तो हात धुवायला. एवढ्याशा तुकड्याचं आणखी काय मोल असणार, असंच मला वाटत होतं.

हरिहरवरून आम्ही उतरत होतो. गडाच्या कातळात खोदलेल्या त्या उभ्या पायऱ्यांची लोकांना भीती वाटते. पायऱ्यांच्या कडेला हात रोवायला खोबणी आहेत, माणूस तिथे जपून उतरतो. आमची मैत्रीण पडली ती पायऱ्या संपून, पठार ओलांडून, निरगुडपाडा दिसायला लागल्यावर, साध्या ओल्या पायवाटेवर. हातावर पडली. कोपर आणि मनगटाच्या मध्ये हात जरासा वाकडा दिसत होता. तिचं लग्न नुकतंच झालेलं, हातात हिरवा चुडा. काकांचा शब्द कानात होता: सूज चढायच्या आत बांगड्या, अंगठी, घड्याळ उतरवायचं, नाहीतर नंतर ते कापावं लागतं आणि तोवर बोटं निळी पडतात. बांगड्या फोडायच्या म्हटल्यावर ती रडायलाच लागली. दुखण्यापेक्षा त्याचंच तिला जास्त वाटलं.

खालून एक मावशी कारवीच्या काठ्यांची मोळी घेऊन येत होत्या. त्यांनी मोळी टाकली, एक नजर हातावर, एक नजर चुड्यावर टाकली आणि म्हणाल्या, ‘वाढवू नका बाई, मी काढते.’ डबीतला साबण मी त्यांच्या हातात ठेवला. बाटलीतल्या पाण्यात त्यांनी तो फेसाळला, फेस हातावर पसरला. मी मोडलेला भाग दोन्ही हातांनी खालून तोलून धरला होता. मावशींनी मैत्रिणीचा अंगठा तळव्यात दुमडला आणि एकेक बांगडी अशी सरकवली की काच काचेवर वाजलीसुद्धा नाही. सगळ्या निघाल्यावर त्या त्यांनी स्वतःच्या पदराच्या टोकात बांधून तिच्या दुसऱ्या हातात दिल्या आणि मग पदराचा तेवढा तुकडा सरळ फाडून दिला. मोळीतून दोन सरळ काठ्या उपसल्या, पेरं कोयत्याने तासली. काठ्यांना मोजे गुंडाळून मी हात त्यांच्यामध्ये घेतला, कोपर आणि मनगट दोन्ही हलणार नाहीत इतकी लांबी ठेवून पट्टी बांधली, काकांच्या धोतराची झोळी करून गळ्यात अडकवली. नख दाबलं. रंग परत आला. मावशींनी घरून कोरा चहा आणला, पण काकांनी बजावलेलं होतं की हाड मोडलेल्याला भूल द्यावी लागली तर पोट रिकामं असलेलं बरं, म्हणून तो चहा आम्ही बाकीच्यांनी घेतला. मग त्र्यंबककडे जाणारी एसटी मिळाली.

नाशिकला डॉक्टरांनी काठ्या सोडताना विचारलं, हे कुणी बांधलं? काकांचं नाव सांगितलं तेव्हा जे वाटलं ते परीक्षेच्या निकालाला कधी वाटलं नव्हतं. मावशींचं नाव मात्र विचारलंच गेलं नव्हतं. पुढे निरगुडपाड्याला गेले की त्यांच्या दाराशी थांबल्याशिवाय पुढे जात नसे. त्यांच्या नातीने आता गडावर येणाऱ्यांना लिंबूपाणी द्यायचं दुकान घातलं आहे.

या डबीवर आणखीही काही जणांचं ऋण आहे, ज्यांना काकांनी कधी पाहिलं नाही. क्षारांच्या पुडीचंच घ्या. 1971 साली बांगलादेशाच्या निर्वासितांच्या लोंढ्यात बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपं भरली आणि पाजण्याचं काम रोग्यांच्या आईबापांवर, भावंडांवर सोपवलं. 30 टक्क्यांच्या घरात असलेलं मृत्यूचं प्रमाण 4 टक्क्यांच्या खाली आलं. एप्रिलच्या उन्हात गडावर माणूस भोवळ येऊन बसतो तेव्हा मी जी पुडी फाडते, ती तिथून आलेली आहे. पुडीवर जेवढं पाणी लिहिलं आहे तेवढंच घ्यायचं, अंदाजाने नाही. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

आणि विंचवाचं. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 1976 साली रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशाने मरणारी मुलं पाहिली, रात्र रात्र उशाशी बसून लक्षणं टिपली, आणि रक्तदाबाचं प्राझोसिन हे औषध त्यावर गुणकारी ठरतं हे ‘लॅन्सेट’मधून जगापुढे मांडलं. ती गोळी माझ्या डबीत नाही, नसावीच. ती डॉक्टरांनीच द्यायची. पण दंशानंतर हातपाय गार पडून घाम सुटला, उलट्या झाल्या तर मांत्रिकाकडे नव्हे, दवाखान्यात धावायचं, हे आज खेड्यातली माणसंही जाणतात. बावस्करांना 2022 साली पद्मश्री मिळाली. ती बातमी वाचायला काका नव्हते. असते तर दवाखान्याच्या खिडकीवर त्यांनी ती चिकटवली असती याबद्दल मला शंका नाही.

पत्र्याची डबी गंजली, तिच्या जागी आता झाकण घट्ट बसणारी साबणदाणी आहे. क्रेप बँडेज, पोव्हिडोन आयोडीनची छोटी ट्यूब, काट्यासाठी चिमटा, रबरी हातमोजे, शिट्टी अशी भर पडली आहे. ज्यांना आग्या मोहोळाच्या माशा चावून अंगावर गांध्या येतात, त्यांची त्यांच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी त्यांनी स्वतःच्या खिशात ठेवायची, दुसऱ्याच्या डबीतून घ्यायची नाही. झाकणाच्या आत एक कागद आहे. त्यावर माझा रक्तगट, घरचा नंबर आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते लिहिलेलं असतं. त्रिकोणी पट्टी बाजारात छान मिळते, तरी मी ती जुन्या सुती धोतराचीच करते.

काकांनी माझ्याकडून या सगळ्याचे पैसे घेतले नाहीत. एकदा मी फार मागे लागले तेव्हा ते म्हणाले, ‘पुढच्याला शिकव, म्हणजे मला पोचलं.’ तेव्हापासून आमच्या गटात नवीन कुणी आलं की पहिल्या गडाआधी मी वर्तमानपत्र पसरते, सामान मांडते आणि विचारते, ‘हे कशाला?’

तुम्हीही तुमची डबी मृगाच्या आधी एकदा टेबलावर रिकामी करा. मुदत संपलेलं काढा, ज्याचं काम सांगता येत नाही ते काढा, आणि पट्टी बांधायला जाणत्या माणसाकडून हातावर हात ठेवून शिका. गड चढताना मोबाईलला शेवटची रेंज कुठे होती ते लक्षात ठेवा. 108 ला फोन तिथूनच करावा लागतो.